उलट्या पाकळ्यांचं फूल

ता. २१ मार्च, शुक्रवार, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे मजेत, माझे गुडघे सोडून. तिकडे तू कशी आहेस हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही, पण विचारते. कशी आहेस?

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तरी लिहायला बसले, कारण नाही लिहिलं तर घरातल्यांना वेड लावीन. नात म्हणाली, "आजी, कालपासून तू तेच चारदा सांगितलंस. आता कागदाला सांग, त्याला कंटाळा येत नाही." अकरा वर्षांची आहे, पण जीभ अशी की घरात सगळे तिला वकीलबाई म्हणतात. वही तिची, पेनही तिचं. अक्षर मात्र माझं. चौथीनंतर मी किराण्याच्या याद्यांपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

मला खरं तर एकच विचारायचंय. ताई, परवाच्या सोमवारी तू बागेत आली होतीस का?

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला वाटेल म्हातारी चळली.

काल वकीलबाईच्या शाळेला सुट्टी होती. सूनबाई कामावर, मुलगा कामावर, आणि घरात आम्ही दोघी एकमेकींचं डोकं खात होतो. सकाळी दूधवाला सांगून गेला की मोठ्या बागेत फुलं आलीत, यंदा फार छान आलीत, आठ-दहा दिवसांत संपतील. झालं. मी लगेच चप्पल घातली. गुडघ्यांना विचारलंच नाही. दोन बस बदलून गेलो. दुसऱ्या बसमध्ये एका तरुणाने उठून जागा दिली तर आमची वकीलबाई त्याला म्हणते कशी, "थँक यू, पण आजी बसली की बोलायला लागते, तुम्ही जरा लांब उभे राहा." सगळी बस हसली. मीही हसले. खोटं थोडंच होतं?

आणि बाग! काय सांगू तुला. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मी तिथेच थांबले. मागच्या लोकांची रांग खोळंबली तरी हलेना. पिवळी, जांभळी, केशरी, पांढरी, वाफेच्या वाफे भरलेले. कुणी तरी रंगाच्या वाट्या मांडून ठेवल्यात आणि आता जेवायला या म्हणतंय, असं. इतकी वर्षं मी का गेले नाही गं? घरापासून दोन बस. बाकी कुठे कुठे जायचे, दवाखान्यात जायचे, नको त्या लग्नांना जायचे. तिथे तेवढी गेले नाही.

तुला आठवतं ना आपण जायचो ते? कारखान्याची सुट्टी सोमवारी. मालक म्हणायचा, "खरी फुलं बघून या, म्हणजे खोटी नीट होतील." बसभाडं तो द्यायचा आणि आपण तिथे जाऊन खऱ्या फुलांनाच नावं ठेवायचो. ह्याची पाकळी लुळी, ह्याला खळ कमी पडली. ह्याची तार वाकडी. तू तर एका गुलाबाला म्हणाली होतीस, "हे आमच्या मुकादमीण बाईंनी परत पाठवलं असतं." तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

कालही मी तेच केलं. सवय जात नाही. पिवळ्या फुलाजवळ वाकून म्हटलं, कडेला ब्रश नीट फिरवलेला नाही. वकीलबाई म्हणाली, "आजी, तू फुलं बघायला आलीस की तपासायला?" मी म्हटलं, बावीस वर्षं कापडाची फुलं केली बाई मी, मला दुसरं बघता येत नाही.

मग आलो आपल्या वाफ्याशी. तोच, कारंज्याच्या मागचा, कडेचा दगड फुटलेला. दगड अजून तसाच फुटका आहे! नगरपालिकेला म्हणावं शाबास. तिथे लाल आणि पांढरी फुलं ओळीने लावलेली. नात म्हणाली, "ह्यांना ट्यूलिप म्हणतात आणि ती कांद्यातून उगवतात." मी म्हटलं, काहीही म्हणोत, आमच्या कारखान्यात ह्याला पेला म्हणायचे. सहा पाकळ्या, तीन आत, तीन बाहेर, आणि एकीवर एक चढवायची. उजवी डावीवर. सगळ्या बायका तशाच चढवायच्या.

एक सोडून.

मी सहज बघत होते गं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या लाल पेल्यापाशी माझे डोळे अडकले. पाकळ्या उलट्या! डावी उजवीवर. मी चष्मा पुसला. परत बघितलं. उलट्याच. आधी वाटलं, देवाची करणी, एखादं फूल डावखुरं निघालं असेल. मग हात लावला तर कापड. आणि पाकळीच्या बुडाशी अंगठ्याने चिमटल्याची खूण. डाव्या अंगठ्याची.

मुकादमीण बाई तुला काय काय बोलायच्या त्यावरून! "डावरी, फुलं सरळ कर, गिऱ्हाईक चक्रावेल." आणि तू म्हणायचीस, "गिऱ्हाईक पाकळ्या मोजतंय का बाई, ते टोपीवर लावतंय."

मी तिथे फुटक्या दगडावर मटकन बसले. नात घाबरली. "आजी, पाणी?" मी म्हटलं, पाणी नको, हे फूल कुणी लावलं ते शोध.

सूनबाई आली वाटतं. कुलूप वाजलं. चहा ठेवते. उद्या पुढचं.

शनिवार, सकाळ

रात्री झोप लागली, खोटं कशाला बोलू. पण सकाळी उठल्याबरोबर पुन्हा तेच डोक्यात. असं बघ, ताई, मला काही म्हणजे काही समजत नाहीये. तू राहतेस अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. निदान राहायचीस. मग तू इथे कधी आलीस? राहायलाच आलीस की काय? भाच्याची बदली झाली? आणि आलीस तर घरी का नाही आलीस, ह्याचं उत्तर मला ठाऊक आहे, तेवढं एक ठाऊक आहे. पण फूल का? मी जाईन तिथे हे तुला कसं कळावं? मी तर एकतीस वर्षांत गेले नव्हते. का माझ्यासाठी नव्हतंच ते?

मला जे कळलं ते सांगते, तूच ठरव.

वकीलबाई माळीणबाईंना घेऊन आली. चांगली धिप्पाड बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला कात्री. मी फुलाकडे बोट दाखवलं. तर ती कौतुकाने म्हणते, "हे ना? हे माझं सगळ्यात निरोगी झाड! बाकीचे ऊन चढलं की माना टाकतात, हा पठ्ठ्या बघा कसा ताठ. तीन दिवस बघतेय."

"अहो बाई," मी म्हटलं, "ते कापडाचं आहे."

तिने वाकून बघितलं. मग उभी राहिली. मग परत वाकली. "अगं बाई! म्हणजे मी तीन दिवस चिंधीला पाणी घालतेय?"

वकीलबाई गवतावर लोळली हसून. माळीणबाई पण शेवटी कमरेवर हात ठेवून अशी हसली की कारंज्याजवळची कबुतरं उडाली. मग म्हणाली, कुणाला सांगू नका, माझा साहेब आधीच मला आंधळी म्हणतो.

मी विचारलं, इथे कोण आलं होतं? तिने आठवून सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिहिते. सोमवारी एक बाई तासभर बसल्या होत्या त्या बाकावर. गेले तीन-चार सोमवार येतात. तुमच्यासारखाच चेहरा, पण उंच आणि कमी बोलणाऱ्या. काठी डाव्या हातात. त्यांनी विचारलं, ओळीत मध्येच जागा मोकळी का? मी सांगितलं, तिथला कांदा कुजला. मग उठताना त्यांनी अजून एक विचारलं, त्याचं मला नवल वाटलं. म्हणाल्या, "तुम्ही पाणी मुळाशी घालता की वरून?" मी म्हटलं, झारीने वरून, सगळं न्हाऊन निघतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि मंगळवारी सकाळी बघते तर मोकळ्या जागी फूल! मला वाटलं, कांदा उशिरा जागा झाला.

काठी डाव्या हातात म्हणाली, तेव्हाच मला खात्री झाली. पण ते पाण्याचं ऐकलं आणि मी पिशवीत हात घातला.

मी पिशवीतून पांढरा रुमाल काढला. फुलावर सकाळचं पाणी होतंच. रुमालाचं एक टोक पाकळीवर घासलं. चांगलं दाबून घासलं. बघितलं. पांढरं ते पांढरंच. तीन दिवस पाणी पिऊन त्या लाल रंगाचा टिपूस सुटला नव्हता.

नात म्हणाली, "आजी, रडतेस का?" मी म्हटलं, ऊन आहे. तर म्हणते, "ऊन तर माझ्याही डोळ्यात आहे."

ताई, आता हा टोमणा समजू, का बोलावणं? सांग तू. टोमणा म्हणावा तर तू तो तिथे ठेवलास जिथे आपण दोघीच जायचो. बोलावणं म्हणावं तर मग ते पाण्याचं का विचारलंस? का तुला फक्त स्वतःलाच बघायचं होतं, की तुझा रंग टिकतो? माझी मती गुंग झालीये. एका डोळ्याने हसते आणि एका डोळ्याने... जाऊ दे.

शनिवार, संध्याकाळ

जाऊ दे म्हटलं, पण जात नाही. इतकं बोलले, सगळीकडून फिरून आले, आणि जिथे यायचं तिथे येतच नाहीये. तू म्हणाली होतीस ना, आई गेली तेव्हा, दाराशी चपला घालताना, "एवढं तोंड चालतं तुझं, आणि एकदाच गप्प बसलीस." तेच तुझं शेवटचं बोलणं. एकोणीस वर्षं झाली. मी त्यावरही काही बोलले नाही, म्हणजे दोनदा गप्प बसले.

तर ऐक. तुला माहीत आहे, पण मी तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून ऐक.

त्या आठवड्याला रंगाच्या कढईवर तुझं नाव होतं. फळ्यावर लिहिलं होतं. लाल पेले दोनशे, गाणाऱ्या बारा बायकांच्या पांढऱ्या कपड्यांवर लावायचे. तू मला म्हणालीस, "दाढ ठणकतेय, डॉक्टरकडे जाऊन येते, कढई बघ. रंग उकळला की तुरटी घाल, मग कापड सोड. आधी तुरटी, नाहीतर रंग पक्का बसत नाही." मी म्हटलं, कळतं गं मला. आणि शेजारच्या बाईशी बोलत बसले. कशाबद्दल, तेही आठवत नाही. इतकं बोलले असेन, आणि त्यातलं एक अक्षर आठवत नाही! कापड सोडलं. तुरटीची पुडी माझ्या ओटीत तशीच राहिली. घरी गेल्यावर लुगडं झटकलं तेव्हा खाली पडली.

ताई, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. हे तुलाही माहीत नसेल. मी ठरवलं, सकाळी सांगीन. सकाळी म्हटलं, कदाचित काही होणार नाही. फुलं रात्रभर करून झाली होती, सुंदर दिसत होती, उलटी आणि सुलटी.

मग उघड्या मंचावर कार्यक्रम झाला, पावसाची सर आली आणि बाराच्या बारा बायका भोसकल्यासारख्या लाल. दुसऱ्या दिवशी मालकाने फळा बघितला. तुला उभं केलं. तू माझ्याकडे बघितलंस, फक्त बघितलंस. मालकाने मला विचारलं, "तू शेजारी होतीस ना? हिने तुरटी घातली होती का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

कारण काय देऊ? घरात दोन लहान पोरं, ह्यांचं काम सुटलेलं, माझं सुटलं असतं तर चूल विझली असती. हे सगळं खरं. पण ताई, तुझंही पोर लहानच होतं की.

तू पिशवी उचललीस. पाकळ्यांना पोट काढायला तू तापवायचीस तो गोळाही तिथेच राहिला. तो मी घरी आणला आणि ट्रंकेत ठेवला. तुला द्यायचा म्हणून.

इथवर लिहून मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. सगळे जेवायला बसले होते. माझ्या मुलाने सहज विचारलं, "आई, काय कादंबरी लिहितेस?" तो तेव्हा सात वर्षांचा होता. मावशीने रंग बिघडवला म्हणून मावशीला काढलं, असंच त्याला माहीत. मी सांगितलं नव्हतं, पण कुणी म्हटलं तर खोडलंही नव्हतं. मी म्हटलं, "रंग मावशीने नाही बिघडवला. मी बिघडवला. आणि मी गप्प बसले."

त्याचा घास हातात राहिला. सूनबाईने पाणी ओतायचं थांबवलं. तो म्हणाला, "मी शाळेत तिच्या मुलाला त्यावरून चिडवायचो, आई." बस, एवढंच. मग उठून हात धुतला. ताट अर्धं होतं.

वकीलबाई मात्र माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "आजी, मग आता काय शिक्षा?"

मी म्हटलं, चल, ट्रंक उघड.

रविवार, बागेतून, बाकावर बसून लिहितेय

अक्षर हलतंय, कारण वही मांडीवर आहे आणि मांडी म्हातारी आहे.

काल जेवणं झाल्यावर आम्ही फूल केलं. जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा, खळ घालून ताणून वाळवला. पाकळ्या मी कापल्या. बोटं विसरली नाहीत गं! तुझा गोळा गॅसवर गरम केला, उशी ठेवली आणि दाबला, आणि पाकळीने असं छान पोट काढलं की वकीलबाईने टाळी वाजवली. त्याआधी रंग उकळत होता तेव्हा तिने फळीवरून तुरटी उचलली. सगळं ऐकलं होतं ना तिने. म्हणाली, "आजी, तुरटी राहिली!"

मी म्हटलं, "राहू दे."

"पण मग रंग उतरेल."

"उतरू दे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तुरटी परत फळीवर ठेवली.

आज सकाळी ते तुझ्या फुलाशेजारी लावलं. सुलटं. उजवी डावीवर. दोन्ही एकमेकींकडे तोंड करून उभी, बघून मला उगाच हसू आलं, एक सरळ आणि एक तिरपं, मी तार वाकडी वळवली होती. मुकादमीण बाईंनी परत पाठवलं असतं. मग माळीणबाईंनी झारी धरली. मी आधीच सगळं सांगितलं होतं त्यांना. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच कुणी मला फूल खराब करायला सांगतंय." आणि पाणी सोडलं.

लगेच सुटला, ताई. आधी थेंब, मग ओघळ, शेजारच्या पांढऱ्या पेल्यावर, मातीवर, फुटक्या दगडावर. माझं फूल फिकं पडत गेलं. तुझं होतं तसं. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, "अहो, रंग उतरतोय ह्याचा, कुणी केलंय असलं?" मी म्हटलं, "मी."

एवढंच म्हटलं. एकच शब्द. पण म्हटल्यावर जो आनंद झाला ना, तो सांगता येणार नाही, आणि त्यात इतकी भीती का मिसळली होती तेही सांगता येणार नाही. मला अजूनही कळत नाहीये की तू मला हे करायला लावलंस की माझं मीच केलं. वकीलबाई म्हणते, "आजी, सगळं कळायलाच पाहिजे का?" तिला काय, ती अकरा वर्षांची.

पत्ता नाही म्हणून हे पत्र माळीणबाईंकडे देतेय. त्यांच्या बुटात ठेवतात त्या, पाणी लागत नाही म्हणे. उद्या सोमवार. तू आलीस तर तुला देतील. सोबत तुझा गोळा आहे. आणि माझा रुमाल. त्याचं एक टोक तुझ्या फुलावर घासलेलं, आणि एक माझ्या. कुठलं कुणाचं ते तुला सांगायला नको.

उद्या मी येणार नाही. उद्याचा दिवस तुझा, तू वाच, बघ, काय वाटायचं ते वाटू दे. मंगळवारी मी दहा वाजता ह्या बाकावर असेन. आलीस तर मी बोलणार नाही. तू बोल. काय वाटेल ते बोल, शिव्या घाल, मी ऐकेन. नाही आलीस तर दोन्ही फुलं बघून घरी जाईन, आणि पुढच्या मंगळवारी परत येईन, फुलं असोत नसोत.

माझी पुडी मी पुष्कळ वर्षं ओटीत बाळगली, ताई. आता हात रिकामे आहेत.

तुझी,
कढईवर असलेली
धाकटी